डाव्या कडेची रिकामी जागा

धनंजय परब परांची बांधतो. लोखंडी पाइप क्लॅम्पने एकमेकांना आवळत इमारतीच्या अंगाने वर चढायचं, हे त्याचं काम. गेली नऊ वर्षं दुबई, शारजा, अजमान, कंपनी पाठवेल तिथे. राहतो दुबईत, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमध्ये, एका खोलीत सहा जण. घर देवगडजवळच्या वाडीत; तिथे बायको प्रज्ञा आणि आईवडील. लग्नाआधी तो वाडीच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचा. त्याने घोट्याला धरलेला माणूस सहसा सुटत नसे.

त्या पकडीनेच त्याला भारताच्या संघात नेलं.

कॅम्पमधल्या एका कबड्डीच्या सामन्याला राजन कर्णिक आले होते. अल मनखूलला राहणारे, एका मालवाहतूक कंपनीत मॅनेजर. कॉलेजात रग्बी खेळलेले. त्यांनी आणखी दोघांना हाताशी धरून रग्बी लीगचा भारतीय संघ उभा केला होता, आणि त्यातले बहुतेक खेळाडू भारतात कधी राहिलेलेच नव्हते. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी एक जण भारतीय असला तरी नियमात बसत होतं. इंग्लंडमधले पाच, सिडनीचे चार, बाकीचे दुबई-अबूधाबीच्या ऑफिसांतले. कॅप्टन रुहान लीड्सचा. त्याचे आजोबा भुसावळचे; तो स्वतः भुसावळला एकदाच गेला होता, वयाच्या सहाव्या वर्षी.

"कबड्डीच समज," राजननी धनंजयला सांगितलं. "फक्त समोरचा दम घेऊन येत नाही, बॉल घेऊन येतो. तू त्याला पाडायचं. सहा वेळा पाडलं की बॉल आपला."

"आणि नाही पाडलं तर?"

"मग तो आपल्या रेषेपलीकडे जाऊन बॉल टेकवतो. चार पॉइंट्स. खलास."

धनंजय सुटीच्या दिवशी प्रॅक्टिसला जायला लागला. पहिल्या महिन्यात ओठ फुटला, दुसऱ्यात करंगळी. फोनवर प्रज्ञा विचारायची, "तुमका लागला नाय मा खय?" तो म्हणायचा, "काय नाय गो," आणि करंगळी कॅमेऱ्याबाहेर ठेवायचा. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं. मैदानावर मात्र त्याला डाव्या कडेला उभं केलं की रुहान पुन्हा तिकडे बघत नसे.

जानेवारीत रास अल खैमाला फिलिपाइन्सशी सामना ठरला. तोही आपल्यासारखाच संघ, देशोदेशी पांगलेल्या फिलिपिनो मुलांचा. जिंकेल त्याने पुढच्या फेरीला क्वालालंपूरला जायचं. मैदानाच्या डाव्या बाजूला एका कंत्राटदाराने दोन दिवसांत तात्पुरता स्टँड उभारला होता. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर प्लायवुडच्या पायऱ्या, दोनशे माणसं बसतील एवढा. दुपारी तीनलाच तो भरला. अर्धे फिलिपिनो, अर्धे आपले. राजन यांच्या पत्नी शोभना आणि दहा वर्षांची मुलगी इरा सगळ्यात वरच्या रांगेत होत्या.

हाफटाइमला सगळे पाणी पीत होते तेव्हा धनंजय स्टँडच्या मागे गेला. कुणी सांगितलं नव्हतं. जिथे परांची दिसेल तिथे तिच्या पायाशी बघायचं, ही त्याची सवय. कोपऱ्यातल्या खांबाखालची फळी ओल्या वाळूवर टेकली होती. झाडांना पाणी देणारा पाइप शेजारीच गळत होता. शिवाय स्पीकरची केबल आत न्यायला कुणीतरी सांगाड्याला आधार देणारा एक तिरपा पाइप, ब्रेस, सोडवून बाजूला ठेवला होता.

कंत्राटदाराचा सुपरवायझर याकूब तिथेच उभा होता.

"याकूबभाई, ये ब्रेस वापस लगाओ. और ये कोना बैठ रहा है."

याकूबने त्याच्या चिखलाने भरलेल्या जर्सीकडे बघितलं. "हबीबी, तू मैच खेल. ग्रीन टैग लगा है, देखा नहीं?"

हिरवा टॅग, म्हणजे तपासणी होऊन स्टँड सुरक्षित ठरल्याची खूण, खरंच लावलेला होता. धनंजय धावत राजनकडे गेला. राजन फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"अरे, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. इन्स्पेक्शन झालंय. तू गेमवर फोकस कर, प्लीज."

शिट्टी झाली आणि धनंजय आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

धोका दिसूनही गप्प कामाला लागायची ही वेळ त्याला नवी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी गोव्यात एका हॉटेलच्या कामावर त्याने खांबाखालची माती खचताना पाहिली होती. फोरमन म्हणाला होता, काम कर. त्याने काम केलं. चार वाजता ती परांची आडवी झाली आणि त्याच्याच गावच्या विष्णूचा पाय गुडघ्यापासून गेला. माती दिसली होती, हे धनंजयने विष्णूला आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या डावात खेळ वर-खाली होत राहिला. आपण अठरा, ते सोळा. दर वेळी डाव्या कडेला आलं की धनंजयची नजर स्टँडकडे जायची. वरच्या रेलिंगचा पाइप आणि त्यामागच्या कुंपणाच्या भिंतीची वरची कड सुरुवातीला एका रेषेत दिसत होती. पंधरा मिनिटांनी एका टोकाला रेलिंगच्या वर बोटभर भिंत दिसायला लागली. तो उठला, माणूस पाडला, पुन्हा रेषेत आला, पुन्हा पाहिलं. आता दोन बोटं.

मला वाटतंय म्हणून दिसतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. मी हललोय, स्टँड नाही. तो मुद्दाम आधी उभा होता त्याच जागी जाऊन उभा राहिला. दोन बोटंच.

शेवटची आठ मिनिटं उरली आणि स्टँडवर लोक पाय आपटायला लागले. आधी आपले, मग त्यांना उत्तर म्हणून फिलिपिनो. प्लायवुडवर दोनशे माणसांचे पाय एका तालात पडत होते. बॉल फिलिपाइन्सकडे होता. आपल्या रेषेपासून दहा मीटरवर त्यांना चौथ्यांदा पाडलं होतं. अजून दोन वेळा पाडायचं होतं. रुहान ओरडत होता, "होल्ड! होल्ड द लाइन!" धनंजयला त्यातलं 'लाइन' कळत होतं. लाइन सोडायची नाही, हे त्याला सहा महिने शिकवलं होतं.

तेवढ्यात वरच्या रांगेतली पोरं उड्या मारायला लागली आणि रेलिंगचं ते टोक डुललं. खाली गेलं आणि पुरतं वर आलं नाही.

धनंजय लाइन सोडून पळाला.

तो थेट मैदान आणि स्टँडमधल्या कुंपणाशी गेला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "स्टॉप! नीचे उतरो! स्टॉप!" लोकांना वाटलं, तो जोर चढवतोय. त्यांनी आणखी जोरात पाय आपटले. एका फिलिपिनो बाईने हसून त्याच्याकडे झेंडा हलवला. त्याच्या पाठीमागे, जिथे तो असायला हवा होता तिथूनच, फिलिपाइन्सचा एक पोरगा सरळ आत घुसला आणि त्याने बॉल टेकवला. अर्धं मैदान किंचाळलं. रुहानचा आवाज त्यातही वेगळा ऐकू आला. धनंजयने मागे पाहिलं नाही. वरच्या रांगेत त्याला शोभना दिसल्या.

"वहिनी!" तो मराठीत ओरडला. "पोरांना बसवा! स्टँड खचतोय! उड्या थांबवा, वहिनी!"

शोभनांनी त्याचा चेहरा पाहिला. या मुलाला त्यांनी सहा महिने प्रॅक्टिसनंतर पोहे खाऊ घातले होते; तो एवढा आवाज काढू शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी इराचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"बट आई, वुई कॅन स्टिल विन!"

"बस म्हटलं ना!" आणि मग त्या उभ्या राहून, शाळेत वर्ग शांत करावा तशा, आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत ओरडल्या, "सिट डाउन! सब बैठ जाओ! नो जंपिंग!"

पाय थांबले. त्या शांततेत लोखंड करकरलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या रांगेतला एक माणूस ताडकन उठला, त्याच्यामागे दहा जण उठले.

"बैठो!" धनंजय गरजला. कुंपणावरून उडी मारून तो जिन्यापाशी पोचला होता. सगळे एकदम एका बाजूला धावले तर काय होईल, हे त्याला आकड्यात सांगता आलं नसतं, पण हाताला ठाऊक होतं. "वहिनी, सगळ्यात वरची रांग आधी. तुमच्या बाजूने नाही, इकडून. एकेक करून. पळायचं नाही."

शोभना ते इंग्रजीत सांगत गेल्या. रांगा उतरायला लागल्या. धनंजयने एक हात खांबावर ठेवला होता. दर पावलागणिक लोखंडातून येणारी थरथर त्याच्या तळव्याला कळत होती. एक म्हातारे फिलिपिनो गृहस्थ मधेच थांबून चप्पल शोधायला लागले. धनंजयने त्यांना तसंच उचलून खाली घेतलं. इरा उतरली. शेवटी शोभना उतरल्या. चार मिनिटं लागली असतील. रेफरीने खेळ थांबवला होता आणि दोन्ही संघ मैदानात उभे राहून बघत होते.

स्टँड रिकामा झाला, आणि तसाच उभा राहिला.

एक मिनिट गेलं, दोन गेली. कुणीतरी हसलं. याकूब कमरेवर हात ठेवून म्हणाला, "देख. खड़ा है ना? क्या हुआ? कुछ हुआ?"

रुहान पुढे आला. त्याने बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूला बोटाने बोलावलं आणि धनंजयला बाहेर बसायची खूण केली. बॉल टेकवल्यावर मिळणाऱ्या किकचे दोन पॉइंट्सही फिलिपाइन्सने घेतले. लोक आता कुंपणाला टेकून बघत होते. उरलेल्या मिनिटांत आपल्याला काही करता आलं नाही. बावीस-अठरा.

कपडे बदलायच्या खोलीत सिडनीच्या एका पोराने बूट भिंतीवर मारला. राजन आत आले, दारातच थांबले. त्यांचा आवाज दबलेला होता.

"धनंजय, तू मला नुसतं सांगायचं होतंस रे. आपण काहीतरी केलं असतं."

"सांगितलं होतं सर. हाफटाइमला."

राजन यांच्या हातात फोन होता. तो त्यांनी खिशात ठेवला. मग पुन्हा काढला. म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

मैदानाचा इंजिनियर आला तोवर पाच वाजले होते. त्याला दाखवायला धनंजय कोपऱ्यातल्या खांबापाशी गुडघ्यांवर बसला आणि हाताने वाळू उकरली. खालची फळी उभी चिरली होती. खांबाची लोखंडी बैठक तिच्यावरून घसरून जेमतेम दोन बोटांवर टेकली होती. याकूब वाकून बघत होता. इंजिनियरने सगळ्यांना मागे सरकवलं, हिरवा टॅग काढून लाल लावला आणि स्टँड दुरून, क्रेनने उतरवायला सांगितलं.

क्रेनने वरची दुसरी फळी उचलली तेव्हा तो कोपरा आपणहून बसला. मोठा आवाज झाला नाही. पाइप वाकताना जो लांबट कण्हल्यासारखा सूर निघतो, तो निघाला, आणि वरची रांग दीड हात खाली येऊन कलंडली. रेलिंगचा पाइप सुटून जिन्यावर पडला. संघाची बस तेव्हा गेटमधून निघत होती. ती थांबली.

शोभनांनी इराला जवळ ओढलं आणि तिचं तोंड आपल्या कुशीत लपवलं, जणू अजूनही कुणी तिथे बसलेलं होतं.

रुहान बसमधून उतरून चालत आला. कलंडलेल्या रांगेकडे त्याने पाहिलं. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरे को क्यों नहीं बोला? उधर, फील्ड पे?"

धनंजय हातावरची ओली वाळू झटकत होता. "'खचतंय'ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात, मला माहीत नाही," तो मराठीतच म्हणाला. राजननी ते रुहानला सांगितलं.

"सिंकिंग," रुहान म्हणाला. मग त्याने तोंडावरून हात फिरवला. "ब्लडी हेल, मेट. सिंकिंग."

त्याने माफी मागितली नाही आणि धनंजयनेही ती अपेक्षिली नव्हती. पण बसमध्ये आपल्या शेजारची बॅग रुहानने उचलून वर ठेवली आणि धनंजय तिथे बसला.

क्वालालंपूरला फिलिपाइन्स गेलं. संघातले काही जण अजूनही म्हणतात की आठ मिनिटं थांबला असता तर सामना हातातून गेला नसता. ते चुकीचं आहे असं धनंजयही म्हणत नाही. सोमवारी याकूबला कामावरून काढल्याचं त्याला कळलं. टॅग याकूबने लावला नव्हता, तिरपा पाइपही त्याने काढला नव्हता, हे धनंजयला मागाहून समजलं. त्याने नंबर मिळवून दोनदा फोन केला. बंद होता. तिसऱ्यांदा याकूबने उचलला.

"मेरा भांजा भी ऊपर बैठा था," याकूब म्हणाला, आणि फोन ठेवला.

धनंजय खाटेवर बसून होता. खोलीतल्या बाकीच्यांनी जेवायला वाढलं होतं, ते त्याला हाक मारत होते. संघाच्या एप्रिलमधल्या पुढच्या सामन्यासाठी कंपनीचं परवानगीपत्र आणायचं, असा राजनचा मेसेज फोनवर येऊन पडला होता. त्याने तो वाचला, 'ओके सर' लिहिलं आणि ताटावर जाऊन बसला.