नणंदेच्या प्रश्नांना माझी उत्तरं

नणंद नवापूरहून आमच्याकडे सरावलीला राहायला आली आणि माझा नवरा एकदम मायाळू झाला. कंपनीतून सुटला की तिच्यासाठी शहाळं आणायचा, तिच्या उशाशी बसायचा. माझी छाती वर्षभर धडधडत होती, तेव्हा "गॅस असेल, ओवा खा" म्हणून मोकळा झाला होता. मला तिचा हेवा वाटायचा, सरळच सांगते. ती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडायची आणि तिचं भरलेलं ताट उचलताना माझ्या मनात यायचं, एवढे लाड होणार असतील तर मीही पडून राहीन की!

पोर कशाला तरी भ्यालीय, असं घरात सगळ्यांचं ठरलेलं. सासूने तिच्यावरून मीठ-मिरची ओवाळून टाकली होती. बोईसरच्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र दोन प्रश्नावल्या काढल्या, एक भीती-काळजीची, दुसरी उदासीची. कुठली जास्त भरते ते बघून त्या पुढचं ठरवणार होत्या.

आमच्याकडे दवाखान्यात पेशंट गप्प बसतो आणि सोबतची बाई बोलते. तशी मी बोलत सुटले. छातीत धडधडतं? "जाम." रात्री दचकून जाग येते? "रोजच." काहीतरी वाईट घडेल असं वाटतं? "सारखं!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तिचं सांगताय की तुमचं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. एकदाचा बघितला तरी!

मग बाईंनी आम्हाला एकेकटीला आत बोलावून विचारलं. माझी भीतीची प्रश्नावली भरली. नणंदेची उदासीची भरली आणि भीतीची जवळजवळ कोरीच राहिली. "हिला भीती अशी वाटतच नाही," बाई आम्हा नवरा-बायकोला म्हणाल्या, "म्हणून हिला एकटं सोडू नका."

नवरा औषधं आणायला गेला. बाहेरच्या बाकावर नणंद कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली.

"वैनी, तुला कसली भीती वाटते गो?"

"मरायची," मी फणकारले. "झोपेतच जाईन असं वाटतं."



"मला नाय वाटत ती भीती," ती म्हणाली. "तुजा जाम हेवा वाटतो गो, वैनी."