सूनबाईच्या डाळीत मिरची का वाढली

माझी सून चपलांच्या कारखान्यात तळ चिकटवते. घरी येते ती थेट ओट्यापाशी. कामाच्या दिवशी आमचा बेत ठरलेला: मसुराची डाळ, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी आणि लाल मिरची. झटपट होते, पोट भरतं. लसूण मी सोलून ठेवते, बाकी राज्य तिचं.

गेले काही महिने मात्र मिरची अशी वाढत चालली होती, की पहिल्याच घासाला माझ्या कानातून वाफा निघायच्या. पोरगा म्हणायचा, "आई, हिला कुणी काही बोललंय का? सगळा राग डाळीत उतरतोय."

"तुझ्याशी लग्न झालंय तिचं. आणखी कुणी काय बोलायचं?"

ती हसायची आणि वरून अजून तिखट घ्यायची.

परवा संध्याकाळी मी खालून कोथिंबीर घेऊन आले, तर दारातच गॅसचा वास. आत पाहिलं, तर डाळ उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण तसंच चालू. आणि आमची सून निवांत, शेजारच्या शेगडीवर फोडणीची पळी ठेवून लायटर उचलतेय!

"हात आवर!" मी अशी ओरडले, की कोथिंबीर कुठं पडली तेही कळलं नाही.

"काय झालं, आई?"

"अगं, गॅस! घरभर गॅस सुटलाय!"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "कुठंय?"

त्या 'कुठंय'नं मी हबकलेच. बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या, तिला मनगटाला धरून जिन्यात नेलं. दोघी पायरीवर बसलो.

"मला वास येत नाही, आई," ती खाली बघत म्हणाली. "चिकटवायचं ते सोल्युशन भोवलं बहुतेक. आधी साबणाचा वास गेला, मग फोडणीचा. जेवणाला चवच लागत नाही. तिखट तेवढं झोंबतं."

"आणि इतके दिवस गप्प बसलीस?"

"यांना कळलं तर काम सोडायला लावतील. तिथं मी कुणाची सून नसते हो. बरं वाटतं."

एरवी मी चांगला टोमणा हाणला असता. त्या दिवशी गॅसचा वास गेल्यावर आत जाऊन डाळ मीच केली.

जेवायच्या वेळी पोरानं घास घेतला. "आज राग गेला वाटतं? डाळ अगदीच मिळमिळीत."

"आज आईंनी केलीय," ती म्हणाली. "आणि मला त्यातलं काही कळत नाही. वासच येत नाही मला." मग गॅसचंही सांगून टाकलं.

त्याचा घास हातातच राहिला. "उद्यापासून काम बंद!"

"काम नाही सोडणार. चिकटवायचं टेबल सोडेन, शिलाईकडं जागा मागेन. डॉक्टरकडं मात्र तुम्ही चला बरोबर."

तो ताटावरून उठला, शेगडीची बटणं एकेक करून तपासली, परत येऊन बसला.

"सकाळी जाऊ," म्हणाला.

मी सुनेच्या वाटीत डाळ वाढली आणि वरून लाल तिखट जरा जास्तच घातलं.