डोक्यावर फोडायची अंडी

अमेरिकेत अर्विंगला आमच्या खालच्या मजल्यावर एक मेक्सिकन काकू राहायच्या. ईस्टरला त्या मागच्या हिरवळीवर बिल्डिंगमधली सगळी मुलं जमवायच्या. त्याआधी महिनाभर अंडी अलगद रिकामी करून, टरफलं रंगवून, त्यांत रंगीत कागदाचा चुरा भरून ठेवायच्या. रीत अशी, की जो आपल्याला आवडतो त्याला मागून गाठायचं आणि त्याच्या डोक्यावर अंडं फोडायचं. ज्याच्यावर फुटेल त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणे.

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. आमच्या घरात अंडं येत नाही, म्हणून काकूंनी मला साखरेची अंडी शिकवली. ओलसर साखर साच्यात दाबायची, वरून सुकली की आतून कोरायची आणि आत साखरेचाच इवलासा ससा बसवायचा. संक्रांतीला हलव्याचे दागिने करणारी मी, मला कसलं अवघड! लेकीनं ठरवून टाकलं, सगळ्या मुलींना एकेक द्यायचं, मग त्या आपल्यावर अंडी फोडतील.

मुलींनी साखर घेतली, सशासकट कडाकडा चावली आणि पळाल्या. टोळीची म्होरकी आपल्याकडचीच, पुण्याची एक मुलगी. तिनं माझ्या लेकीच्या वेणीचा वास घेतला, नाक चिमटीत धरलं आणि म्हणाली, "ऑयली." बाकीच्या खिदळल्या. तिची आई माझ्याच शेजारी बसलेली. आमची ना यार, फार ऑनेस्ट आहे, असं मलाच कौतुकानं सांगत होती. ऑनेस्ट म्हणे! दोघींनाही एकेक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं.

हिरवळीवर नुसता गोंधळ चालला होता. माझी लेक मात्र सगळ्यांकडे पाठ करून उभी. मान खाली, वेण्या पुढे घेतलेल्या, कुणाच्या हाताला तेल लागू नये म्हणून. मागून कुणी धावत आलं की डोळे गच्च मिटायची. पावलं बाजूनं निघून जायची.

मला बघवेना. काकूंच्या टोपलीतलं एक अंडं उचललं, दबकत गेले आणि फोडलं. ती हसतच वळली. मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"आई, तू काउंट होत नाहीस."

मग तिनं केसांतला कागद न् कागद वेचून काढला, अजून आपल्यावर कुणी फोडलेलं नाही हे मुलींना दिसावं म्हणून, आणि परत पाठ करून उभी राहिली.