बावीस नंबरचा गॅस

दापोड्याच्या गोदामात रॅकवरून पडून मानेचा मणका मोडल्यापासून माझ्या नवऱ्याला मानेखाली घाम येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, बरंच की! पण घाम नाही म्हणजे अंग निवायची सोयच नाही. खोली तापली की हे तापतात, आणि मग शुद्ध हरपते. खोली थंड ठेवा, हेच ह्यांचं औषध, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून गोदामातल्या सोबत्यांनी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना एसी आणून बसवून दिला.

आमच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना. तिथली तेलकट रुई उडून एसीच्या बाहेरच्या मशीनवर जाड थराने बसायची. नुसत्या पाण्याने निघायची नाही. मग मी दर रविवारी बाथरूम धुवायचं ॲसिड शिंपडून ब्रशने खसाखसा घासायचे. मशीन लखलखीत व्हायचं. शेजारणी म्हणायच्या, ही बाई नवऱ्यापेक्षा मशीनचीच सेवा जास्त करते. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

दर वर्षी होळीनंतर एसीतला गॅस संपायचा. मेकॅनिक यायचा, भरून जायचा. गॅस उडतोच, असं तोही म्हणायचा आणि आम्हीही.

यंदा ऐन मे महिन्यात मशीन गरम हवा फेकू लागलं. मेकॅनिक आला तो रिकाम्या हाताने. "भाभी, बावीस नंबर गॅस नहीं मिल रहा. सरकार धीरे धीरे बंद कर रही है."

"मग नवा कुठला निघालाय तो भरा ना!"

"नया इसमें नहीं चलेगा. उसका प्रेशर ज्यादा है, मशीन फटेगा."

त्या जुन्या गॅसने म्हणे आभाळातलं ओझोनचं पांघरूण विरतं. विरू नये, मलाही पटतं. पण नियम करणाऱ्यांनी एकदा येऊन ह्यांच्या कपाळाला हात लावून बघावा! नवं मशीन आमच्या आवाक्यात नव्हतं. मी त्या मेकॅनिकचे अक्षरशः पाय धरले.

तो विरघळला. कुठूनतरी थोडा जुना गॅस आणतो म्हणाला, पण तो वाया जायला नको, आधी गळती शोधू. इतक्या वर्षांत गळती कुणी शोधलीच नव्हती. त्याने नळ्यांना साबणाचा फेस लावला. एका जागी बुडबुडा आला. मग दुसऱ्या जागी. मग जिकडे तिकडे. त्याने नखाने तांब्याची नळी खरवडली, तर बोटाला हिरवट पूड लागली.

"भाभी, इसपे क्या डालते थे?"

मी सांगितलं. त्याने ते हिरवट बोट माझ्यापुढे धरलं. मग पाना पिशवीत टाकत म्हणाला, "एसिड पूरी नली खा गया. अब इसमें कोई गॅस नहीं टिकेगा."

मी मासळीवालीकडून बर्फ आणला, चादर भिजवली, ह्यांच्या अंगावर घातली. अंग नुसतं भाजत होतं. आता ह्या माणसाला वाचवू कशी, एवढंच डोक्यात.

"काय म्हनला तो?" ह्यांनी विचारलं.

"गॅस न्हाय मिळत. सरकारनं बंद केलाय."

श्वास पुरत नव्हता, तरी ह्यांनी सरकारला शिव्या घातल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू रडू नको. तुझा काय दोष त्यात?"

मी चादर पुन्हा बर्फाच्या पाण्यात बुडवली, आणि मीही सरकारला दोन शिव्या घातल्या.