हाऊजिंगमधली घरघर

अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आवाज यायचा. पाय दाबून ठेवला की बंद. इब्रामपूरहून साखळीकडे जाताना उतारावर तर तो हमखास यायचा, पाठीमागून, घूं करून. पंधरा दिवस मी तो ऐकत होते आणि पंधरा दिवस गप्प होते. गाडी बाबांची. त्यांच्या गाडीतला आवाज त्यांच्याआधी दुसऱ्या कोणाला ऐकू यावा, हे आमच्या घरात घडण्यासारखेच नव्हते.

बाबांचा जन्म डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक दुरुस्त करण्यात गेला. अंगणात ट्रक थांबायच्या आधीच ते ओसरीवरून सांगायचे, क्लच प्लेट गेली म्हणून. ड्रायव्हर तोंडात बोट घालायचा आणि बाबा मुद्दाम चहाच्या कपात बघत राहायचे. भाव खायचे, दुसरे काय! खाणी बंद पडल्यावर त्यांनी ही जुनी पिकअप घेतली. तिला परक्या मेकॅनिकचा पाना कधी लागला नाही. आता त्यांचे गुडघे दुखतात म्हणून चालवते मी, आणि ते शेजारी बसून माझ्या चुका काढतात.

रविवारी संध्याकाळी गावातल्या भजनी मंडळाला साखळीला न्यायचे ठरले होते. मागे दहा-अकरा माणसे, पेटी, पखवाज. त्या उतारावर मागची चाके जाम झाली तर काय होईल, हे डोळ्यांसमोर येऊन मला झोप लागेना. शनिवारी दुपारी धीर करून म्हटले, "बाबा, गाडयेक मागसून आवाज येता."

"कसलो आवाज?"

"घूं करून. पाय सोडल्यार."

"वारो तो. काच वर करून चलय."

मी हट्टच धरला. शेवटी, माझे तोंड बंद करायचे म्हणूनच, त्यांनी जॅक लावून मागची चाके उचलली, अॅक्सलखाली लाकडी ओंडके दिले, पुढच्या चाकांना दगड लावले. मी इंजिन चालू करून गिअर टाकला. चाके हवेत फिरू लागली. बाबा गोणपाटावर आडवे होऊन खाली सरकले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा जो फुगीर गोळा असतो, ज्यात गिअर फिरतात, ते हाऊजिंग. त्याला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायची. आत काय बिघडलेय ते कानात येते. त्यांची ही पद्धत मी लहानपणापासून बघत आलेय.

मी खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूने वाकून बघितले. बाबांनी मूठ कानाला लावली होती. मग त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. मग डोळे मिटून त्यांनी ती मूठ दातांत धरली.

मी झटकन मागे सरले. त्यांनी मला पाहिले नाही. गेल्या एकादशीला भजनात त्यांची झांज मागे पडत होती, बुवांनी दोनदा वळून बघितले होते, आणि मी आपली समजूत घातली होती की बाबा दमलेत. केवढी मूर्ख मी! त्यांना ऐकू येत नव्हते, म्हणून ते दातांनी आवाज चाचपत होते. कधीपासून, देव जाणे. आणि तो आवाज माझ्या कानाशी एवढा ओरडत होता की मला रडू आले.

बाबा बाहेर आले, अंग झटकले. "काय नाय," म्हणाले.

आता गप्प बसले असते तर त्यांची लाज राखली गेली असती आणि रविवारी अकरा माणसे त्या गाडीत बसली असती. मी इंजिन बंद केले. हाऊजिंगखाली घमेले सरकवले आणि पाना लावून तेलाचा नट सोडायला घेतला. बाबा बघतच राहिले. काळे तेल घमेल्यात उतरले, आणि त्यात चंदेरी कीस चमकत होता. त्यासोबत नखाएवढा एक लोखंडी तुकडा टणकन पडला.

बाबांनी तो बोटांत धरून चोळला. पिनियनचे, म्हणजे आतल्या छोट्या गिअरचे, बेअरिंग फुटायला आले होते.

"कधीपासून येता आवाज?"

"कालपासून," मी म्हटले. सरळ खोटे बोलले. पंधरा दिवस सांगायला जीभ वळली नाही.

त्याच संध्याकाळी बसने साखळीला जाऊन मी नवे बेअरिंग आणले. रविवारी उजाडताच बाबांनी काम काढले. हात मात्र तेच होते, जराही न चुकणारे. पत्र्याच्या पातळ चकत्या बदलत, पिनियन बोटांनी फिरवून बघत त्यांनी दुपारी तीनपर्यंत सगळे बसवले, तेल भरले. आम्ही गाडी घेऊन उतारावर गेलो.

बाबा शेजारी बसले होते, पण रस्त्याकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पाय उचलला.

आवाज कमी झाला होता. पण गेला नव्हता. गिअरचे दात झिजले असणार.

"गेलो?" त्यांनी विचारले.

हो म्हणणे किती सोपे होते. एवढा खपलेला माणूस, आणि तासाभरात मंडळ दारात.

"नाय बाबा. आसा अजून."

त्यांनी मान वळवून समोर बघितले. मला वाटले, मी त्यांना आज कायमचे दुखावले.

अंगणात मंडळी आधीच आली होती. पखवाज गोणपाटात गुंडाळून तयार होता. बुवांनी हसत विचारले, "काय, निघूया?"

बाबा हळूहळू खाली उतरले, दाराला धरून उभे राहिले.

"गाडी जावची नाय," ते म्हणाले. "दुसरी बघा. माझा चेडू म्हणता, आवाज आसा. माका आयकाक येणा नाय."

शेजारच्या घरातली बाई हातातले काम टाकून दारात आली. आपण केवढ्या मोठ्याने बोललो, हे बाबांना कळले नव्हते.