भीतीची हजेरी

आमच्या अक्का कुत्र्यांना भीत, विजेला भीत, टेलिफोनच्या घंटीला भीत. सरकारी शिक्का असलेला लखोटा आला की तो टेबलावर ठेवून आधी एक तास शिकवून येत आणि मगच फोडत. एवढ्या भित्र्या बाईंनी जळगावात स्वतःची शाळा कशी काढली, हे मला अजूनही कळलेलं नाही.

शाळा म्हणजे एका डाळमिलच्या मागच्या गोदामातल्या तीन खोल्या. मिल सुरू झाली की भिंती थरथरायच्या आणि वह्यांवर पिवळी पूड बसायची. मैदान नव्हतं, प्रयोगशाळा नव्हती. मोठ्या शाळांनी नको म्हटलेली मुलं इथं यायची. कुणी दोनदा नापास झालेलं, कुणी वर्षाच्या मधेच गावाहून आलेलं. मी बोलताना अडखळायचे, म्हणून आधीच्या शाळेत मला शेवटच्या बाकावर बसवून सगळे विसरून गेले होते. अक्कांच्या शाळेत विसरायची सोयच नव्हती. दहावीला आम्ही सोळा जणी होतो.

रोज नेहमीची हजेरी झाली की अक्का म्हणत, "आता दुसरी." मग एकेकीनं उभं राहून सांगायचं, आज कशाची भीती वाटते. बीजगणिताची, आईच्या खोकल्याची, नळावरच्या भांडणाची, काहीही. नियम दोनच होते. कुणी हसायचं नाही आणि कुणी खोटं बोलायचं नाही. मला एक वाक्य पुरं करायला पाच मिनिटं लागली तरी अक्का खडू हातात धरून थांबत. शेवटचा नंबर त्यांचा स्वतःचा. "आज कोपऱ्यावरच्या काळ्या कुत्र्याची फार भीती वाटली," असं सांगून त्या जरा थांबत. "आले पण." मधल्या सुट्टीत आम्ही त्यांची हुबेहूब नक्कल करायचो.

त्या वर्षी मात्र सगळ्यांची भीती एकच होती. दहावीच्या वर्गाला मान्यता मिळायची होती आणि त्यासाठी पटावर किमान वीस जणी हव्या होत्या. माझ्या वडिलांनी तर घरात सांगूनच टाकलं होतं, "मान्यता नही भेटनी त पोर धरणगावले मामाकडे जाई. लगननं वय व्हयनं तिनं." त्या वाक्यानंतर मला जेवण जाईना. धरणगावला गेलेली माझी मावसबहीण परत पुस्तकाला शिवली नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मिलचे मालक नाना गोदामात आले. शाळेवर त्यांचा जीव होता. ते म्हणाले, "अक्का, बठ्ठा असंच करतस. मन्या चार पुतन्या जामनेरहून बलाई लेतू. बसाडी द्या वर्गमा. साहेब मोजी आनि निंघी जाई." अक्कांनी होकारार्थी मान हलवली. भित्र्या माणसाकडून होते तशीच ती चूक झाली.

सकाळी नानांच्या चार पुतण्या आमचे जादाचे गणवेश घालून आल्या आणि आमच्यात मिसळून बसल्या. साहेब आले, त्यांनी डोकी मोजली, वीस भरली. अक्कांच्या कपाळावर घाम होता. साहेब निघायचेच, पण दारात थांबून म्हणाले, "तुमच्याकडे काहीतरी दुसरी हजेरी असते म्हणे. बघू या की."

अक्कांनी खडू हातात घेतला. पहिल्या बाकावर मीच होते. साहेबांसमोर दुसरी हजेरी झालीच तर काय सांगायचं, ते मी पहाटेपासून घोकून ठेवलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आज मला कशाचीच भीती वाटत नाही." वाक्य सरळ, एका दमात बाहेर आलं. मी खाली बसले.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुढचं नाव न घेता त्यांनी खडू खाली ठेवला. "साहेब, आज माझा नंबर आधी. या वर्गातल्या चार मुली माझ्या नाहीत, आणि ते तुम्हाला कळेल याची मला सकाळपासून भीती वाटते आहे."

मान्यता मिळाली नाही. घरी माझी पेटी भरली गेली. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत कुत्र्यांचा एकच गोंधळ उडाला आणि छत्री पुढे धरून अक्का दारात उभ्या राहिल्या. हातात बाहेरून परीक्षेला बसण्याचा, सतरा नंबरचा फॉर्म होता. "भाऊ, चूक माझी आहे. तिला शिक्षा नको. अभ्यास मी माझ्या घरी घेईन."

वडील फॉर्मकडे बघेनात. छत्री धरलेला अक्कांचा हात कापत होता, तो बघत होते. त्यांनी विचारलं, "कुत्रासनं भेव नही वाटनं?"

"वाटलं," अक्का म्हणाल्या. "आले पण."

वडिलांनी पेन मागितलं.

परीक्षेला आम्ही अकरा जणी बसलो. उरलेल्या पाचजणींच्या घरीही अक्का गेल्या होत्या, तिथं पेन निघालं नाही. शाळा त्याच उन्हाळ्यात बंद पडली आणि अक्का धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या.

पुढे मला नोकरी लागली, तेव्हा त्यांना भेटायला धुळ्याला गेले. खूप वाळल्या होत्या. चहा झाल्यावर इतकी वर्षं छातीत धरून ठेवलेलं मी सांगून टाकलं. "अक्का, त्या दिवशी मी दुसऱ्या हजेरीत खोटं बोलले होते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू अडखळली नाहीस ना. तुला खोटं बोलायला मी शिकवलं, हे तेव्हा समजलं मला. म्हणून तर खरं बोलावं लागलं."

त्या पाचजणींचं काय, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. तो विचार आला की आजही मला भीती वाटते.

निघताना अक्का छत्री घेऊन माझ्याबरोबर बाहेर पडल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. स्टँडच्या वळणावर एक कुत्रं आडवं पडलं होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि एसटी लागेपर्यंत सोडला नाही.