अमिरुन्निसाची बंद खिडकी

इथे सौदीत, अबकैकच्या जुन्या वस्तीत राहणारी अमिरुन्निसा माझे ब्लाऊज शिवते. मूळची हर्णैची. हात चांगला, पण ब्लाऊज दंडात हटकून घट्ट करते आणि वर "वहिनी, तुम्हीच सुटलात," असं मलाच ऐकवते. अशी तोंडाची तिखट बाई गेल्या हिवाळ्यात कुजबुजत बोलायला लागली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिच्या नवऱ्याच्या, फकरुद्दीनच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे कामाला आला त्या मालकाने, धंदा गुंडाळला होता. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला, नवा कुणी करून देईना. आता पकडला गेला तर थेट गावी रवानगी. पाचवीतल्या अरवाची शाळा, इथला संसार, सगळं खलास. या धास्तीने फकरुद्दीन घराबाहेर पडेनासा झाला. दारावर टकटक झाली की बाथरूममध्ये जाऊन बसायचा. घरात बाप्या माणूस आहे हे गल्लीला कळू नये, आवाज बाहेर जाऊ नये, म्हणून अमिरुन्निसाने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दाराखालीसुद्धा.

"अगं, हवा कुठून येणार?" मी विचारलं.

"हवेचं काय वहिनी, पोलीस यायला नको."

मला तिची भीती कळत होती आणि तिचा रागही येत होता. वाळवंटातली थंडी हाडांत शिरते. घरमालकाने वायरी जुन्या म्हणून हीटरला मनाई केलेली, त्यामुळे तिच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटलेली असायची. अरवा सारखी म्हणायची, "अम्मी, सर फट रहा है." अमिरुन्निसा बाम चोळायची आणि गारठ्याला शिव्या द्यायची.

त्याच दिवसांत एका धर्मादाय संस्थेची माणसं वस्तीत घरोघरी फिरू लागली. गरिबांच्या घरी वायरी बदलायच्या, खिडक्या नीट बसवायच्या, हीटर द्यायचा, सगळं फुकट. मी तिला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "फुकट कोण देतो हो? आज नाव विचारतील, उद्या इकामा विचारतील."

आणि एका संध्याकाळी ते आलेच. पुढचं मला तिनेच सांगितलं. दारावर थाप पडली तशी ती स्वयंपाकघरातून अनवाणी बाहेर आली. तिच्याबरोबर स्वयंपाकघरात असलेला फकरुद्दीन बाथरूममध्ये शिरला. अरवा शाळेतून येऊन शेगडीजवळ झोपली होती. बाहेरचा माणूस बोलण्यावरून हैदराबादी वाटत होता. तो दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. "बहन, हीटर लाए हैं. अंदर कोयला जलाते हो क्या? बंद कमरे में मत जलाना, उसका धुआँ दिखता नहीं, मगर जान ले लेता है."

अरवा मध्येच उठून बोलेल म्हणून अमिरुन्निसाने तिच्या तोंडावर हात ठेवला. मुलगी हलली नाही. तिने गाल थोपटले, खांदे गदागदा हलवले. अरवाची मान एका बाजूला कलंडली.

तेव्हा अमिरुन्निसाने जी किंकाळी फोडली ती अख्ख्या गल्लीने ऐकली. तिने दार सताड उघडलं. बाथरूममधून फकरुद्दीन धावत आला, मुलीला उचललं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रस्त्यावर उतरला. दाराबाहेरच्या त्या पिकल्या दाढीच्या माणसाने त्यांना आपल्या गाडीत घातलं.

इस्पितळात अरवाला लगेच आत नेऊन ऑक्सिजन लावला. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने बापाचा इकामा मागितला. अमिरुन्निसाने नवऱ्याची बाही धरली. फकरुद्दीनने ती हळूच सोडवली आणि मुदत संपलेलं कार्ड स्वतःच्या हाताने पुढे केलं.

अरवा वाचली. कार्डाबद्दल अजून कुणी बोलावलेलं नाही. उद्या बोलावतील, पुढच्या महिन्यात बोलावतील, कदाचित कधीच नाही. खोलीत आता नव्या वायरी आहेत, हीटर आहे, शेगडी गेली. परवा मी ब्लाऊज आणायला गेले तर जिन्यात बुटांचा आवाज आला. अमिरुन्निसाचा चेहरा पांढराफटक पडला. ती झटकन उठून खिडकीशी गेली, कडीवर हात ठेवला. अरवा गृहपाठ करत होती. अमिरुन्निसाने तिच्याकडे पाहिलं, खिडकी तशीच उघडी ठेवली, आणि तिथेच उभी राहिली.